गया, तू कोणती पूड खात होतीस?

गया, तुझ्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे तुझ्या आठवणीच्या कार्यक्रमाला, एक पातळसं पुस्तक छापायचं ठरलंय. तुझ्या राहुलनं सगळ्यांना सांगितलं, आईवर एकेक पान लिहून द्या. अंगणवाडीच्या बाया लिहितील की तू कष्टाळू होतीस, मायाळू होतीस. तू किती भांडखोर होतीस ते कुणी लिहिणार न्हाई. गेलेल्या माणसाबद्दल लोक जे छापतात त्यावर माझा कधीच भरवसा बसला न्हाई. मी चौथी शिकलेला माणूस, मला सजवून लिहिता येत न्हाई. मला तुला एकच विचारायचंय, आणि ते विचारायला आता ह्या पानाशिवाय जागा राहिली न्हाई.

तू कोणती पूड खात होतीस? त्या हिरव्या डब्यातली, का माझी?

हसू नको. मी काय केलं ते तुला पहिल्या दिवसापासून कळलं होतं, असं आता तुझी सून म्हणती. शीतल खोटं बोलणारी न्हाई, पण म्हाताऱ्याचं मन राखायला माणूस काय बी बोलतं. म्हणून मी सगळं मुळापासून मांडतो. ह्यात माझी अब्रू जाती ते मला कळतंय. जाऊ दे.

तुला ठाऊक हाय, वाचणाऱ्यासाठी सांगतो. मी सारं आयुष्य लातूरच्या एका डाळमिलच्या दारात उभं राहून काढलं. आधी हमाल, मग माल बघणारा. तुरीचं पोतं आलं की त्यात परखी खुपसायची, म्हणजे ती टोकदार पोकळ नळी. निघालेले दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकायचे, एखादा दाताखाली फोडायचा. वर नवी तूर आणि तळाला किडकी, मधे ओली, कुठं खडे, कुठं दोन सालचा माल एकत्र केलेला. पास पोत्यावर खडूनं गोल, नापास पोत्यावर फुली. मालक शिकलेला होता, पण माझी फुली त्यानं कधी पुसली न्हाई. शक घेणं हाच माझा धंदा. घरी जाताना तो मिलच्या खुंटीला टांगून जायची सोय नव्हती. तू म्हणायचीस, "दादा, तू ताटातल्या वरणात बी खडा शोधतोस." शोधायचो. दोनदा सापडला बी होता.

तू देगलूरला अंगणवाडीत मदतनीस. पंचवीस वर्सं लेकरांची खिचडी शिजवलीस, नाकं पुसलीस. भावजी गेले तवा सुद्धा तू चौदाव्या दिवशी कामावर हजर होतीस. मग तुझं वय भरलं आणि घरी बसलीस. आपला रविवारी सकाळचा फोन असायचा. तू फोन उचलला की आधी माझ्यावर एक तक्रार, मग "बरा हायेस का" हे विचारणं. घरी बसल्यावर सहा-सात महिन्यांत तक्रार बंद झाली.

"जेवलीस का?"

"हाव."

"तबियत?"

"बरी हाय."

संपलं. भांडण न्हाई, काई न्हाई. मला तवाच शक यायला पायजे होता. दाणा फुंकल्यावर उडाला तर मला कळायचं की आतून पोकळ हाय. बहिणीचा आवाज पोकळ झाला ते कळलं न्हाई.

मी देगलूरला आलो तवा तू ओट्यावर बसली होतीस. सुपात लसूण, हातात एकच पाकळी. ती तू सोलत बी न्हवतीस आणि टाकत बी न्हवतीस. मी चप्पल काढली, पाणी प्यालो, तरी पाकळी हातातच.

"काय झालंय गं?"

"काई न्हाई दादा. कशातच मन लागंना. सगळं बेचव लागतंय."

मी काय म्हणलो ते तुझ्या ध्यानात असेल. माझ्या तर हाय. मी म्हणलो, "पोरगं धर्माबादला नोकरीवर हाय, सून गुणाची हाय, दोन टाइम जेवण हाय. उदास व्हायला तुला टाइम कुठून मिळाला?"

एरवी तू मला त्या सुपानंच हाणलं असतंस. त्या दिवशी तू खाली मान घातलीस. गया, ते वाक्य मला माघारी घ्यायचं होतं. घेतलं न्हाई. माझ्या हातून वाक्य माघारी जात न्हाई, एवढं तुला ठाऊक हाय.

शीतल तुला नांदेडला मनाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणला, ही उदासी आजार हाय, लाजायचं काम न्हाई, पण आत्ता सौम्य हाय. रोज सकाळी चाला, माणसांत बसा, महिन्याला येऊन माझ्याशी बोला. न्हाई उतरली तर गोळी देऊ. आणि बीपीची चालू गोळी अजिबात सोडू नका. झाडपाल्याचं काई घ्यायचं झालं तर आधी मला दाखवा.

तू तणतणत आलीस. फोनवर म्हणलीस, "एवढ्या लांब गेले आणि नुसतं बोलून धाडलं! गोळी न्हाई, बाटली न्हाई, सुई न्हाई. चाला म्हणं! चालायला नांदेडला कशाला जायला पायजे?"

मी म्हणलो, "खरंय." त्या वर्षात आपलं एवढ्याच गोष्टीवर एकमत झालं.

मग ती पिशवीवाली आली. तुमच्या गल्लीत दारोदार हिंडून कसले कसले डबे विकायची. तिचं माहेर तेलंगणात, बोलणं निम्मं मराठी, निम्मं तेलुगू. मी पुढच्या खेपेला आलो तवा ती तुझ्याच ओट्यावर चहा पीत बसली होती आणि तुझ्या मांडीवर तो डबा. वर हिरवं पान, पानाच्या आड एक दाढीवाला बाबा डोळे मिटून बसलेला. मला त्या बाबाचाच पहिला शक आला. माल चांगला असला तर डोळे मिटायला काय झालं?

"ह्यात काय हाय?" मी विचारलं.

तू पाठ केल्यासारखं म्हणलीस, "ब्राह्मी, आस्कंद, शंखपुष्पी, जटामांसी. सकाळी एक चमचा कोमट दुधात. सगळं झाडपाल्याचं हाय दादा, अपाय न्हाई."

"धोतरा बी झाडपाल्याचाच हाय. कण्हेर बी."

"अण्णा, मंचि मंदु!" ती बाई मधे पडली. "लई चांगलं औषध हाय. माझ्या नणंदेला एका महिन्यात फरक."

"नणंदेला काय झालं होतं?"

"हेच. रडायची, पडून राहायची."

"आणि आता?"

"आता बांगड्याचं दुकान टाकलंय. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलती."

"मग ती दुकानानं बरी झाली का पुडीनं?"

बाईनं कप खाली ठेवला, पिशवीची चेन ओढली आणि उठली. तू लालबुंद. "दादा, माझ्या दारात आलेल्या बाईची उलटतपासणी घेतोस? मी काय तुझी तूर हाय का?"

"तूर असतीस तर फुली मारून मोकळा झालो असतो. बहीण हायेस म्हणून विचारून राहिलो."

मग मी माझ्या पद्धतीनं ती पूड बघितली. तळहातावर चोळली, वास घेतला, जिभेवर ठेवली, चिमूटभर वाटीतल्या पाण्यात सोडली. काई बुडाली, काई तरंगली. मातकट वास, मागून कडवट. मी निकाल दिला, "निम्मा भुसा हाय."

तू म्हणलीस, "तंबाखू खाऊन खाऊन जीभ मेलीय तुझी. तुला तुरीतलं कळतं, ह्यातलं न्हाई. मला गुण येऊन राहिला."

"गुण न्हाई, भास हाय."

"भास तर भास. झोप तर लागून राहिली."

मी बसला उशीर होतोय म्हणलो आणि चप्पल घातली.

पुढच्या रविवारी तुझा फोन. "तू पळवून लावलीस तिला. ती आता आमच्या गल्लीत पाय ठेवंना. डबा संपत आलाय. लातूरला मोठ्या दुकानात मिळतो म्हणं. तूच आणून दे."

मी म्हणलो, "आणतो."

एवढ्या लवकर मी आयुष्यात कशालाच हो म्हणलो न्हाई. तुला तिथंच शक यायला पायजे होता. आलाच असेल.

आता माझं पाप ऐक. मी तो डबा लातूरच्या दुकानातून आणला. घरी कागद पसरला, आतली पूड काढून एका बरणीत भरली आणि डब्यात माझी भरली. ज्वारी खरपूस भाजली, दळून आणली, तीनदा चाळली. रंगाला शेवग्याचा वाळलेला पाला, कडूला मेथी, वासाला सुंठ. डब्याच्या तोंडावरचा चकाकता कागद खळीनं परत चिकटवला. काम असं झालं की मीच फसलो असतो. माझा विचार मला साफ वाटत होता. तुला माझ्या पिठानं बरं वाटलं तर सिद्ध झालं की त्या डब्यात काई नव्हतं. मग मी तुझ्यासमोर बरणी ठेवणार आणि म्हणणार, बघ, तीन महिने ज्वारी खाल्लीस आणि उड्या मारतेस!

जन्मभर दुसऱ्याच्या पोत्यातली भेसळ धरली. करायची वेळ आली तवा बहिणीच्या डब्यात केली. पण त्या टायमाला हे असं दिसलं न्हाई. त्या टायमाला मी खूश होतो.

मग दर दुसऱ्या रविवारी मी येऊ लागलो. लातूरहून उदगीर, उदगीरहून देगलूर, मांडीवर डब्याची पिशवी. कंडक्टर आधारकार्डावरचा फोटो बघायचा आणि माझं तोंड बघायचा. त्याला माझा शक, मला त्याचा. तू येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या पुडीची, आमटी करायचीस, भाकरी थापायचीस, आणि आपण भांडायला बसायचो. कशावरनं बी. आईचं लुगडं हिरवं होतं का निळं. उदगीरची बस कोणत्या फाट्यावरनं वळती. तिसऱ्या का चौथ्या खेपेला तू माझ्यावर ओरडलीस, "चप्पल उंबऱ्यात काढू नको म्हणून किती वर्सं सांगू?" मला एवढं बरं वाटलं की मी मुद्दाम पुढच्या खेपेला बी तिथंच काढली.

तू सुधरून राहिली होतीस. सकाळी चालायला लागलीस. चालत कुठं, तर जुन्या अंगणवाडीपर्यंत, आणि तिथं गेल्यावर घटकाभर लेकरांत बसून यायचीस. नव्या मदतनीस बाईला खिचडीत मीठ किती ते सांगायचीस. ती बाई वैतागली असेल. लसणाच्या पाकळ्या भराभर सोलायला लागलीस. आणि मला म्हणायचीस, "दादा, ह्या खेपेचा डबा तर लई भारी होता. आधीच्यापेक्षा चांगला गुण हाय." मी गंभीर तोंड करून म्हणायचो, "कंपनीनं माल सुधारला असेल." तू पदर तोंडाला लावायचीस. मला वाटायचं, चुलीचा धूर गेला.

घरात तर गॅस होता, गया. धूर कुठनं येणार होता?

तुला खरं सांगायचं मी दर खेपेला ठरवायचो आणि दर खेपेला पुढं ढकलायचो. म्हणायचो, पूर्ण बरी होऊ दे. पण आता कबूल करतो, कारण ते नव्हतं. सांगितलं असतं तर डबा बंद. डबा बंद म्हणजे देगलूरला यायला काय काम राहिलं? मी काम न्हाई तर कुणाच्या दारात गेलेला माणूस न्हाई. नुसतं तुला बघायला आलो, असं म्हणायला माझी जीभ वळत न्हाई.

आपली शेवटची भेट तर भांडणातच गेली. जेवण झाल्यावर तू एकदम हळू आवाजात म्हणलीस, "दादा, तू बी एकदा त्या डॉक्टरला दाखव."

"मला काय झालंय?"

"मिल सुटल्यापासून तू कुणाशी धड बोलत न्हाईस. सगळ्यांवर शक घेत बसतोस. सकाळी उठून मिलच्या दारापर्यंत जातोस आणि माघारी येतोस. तूच सांगितलंस मागं. मला बी आधी असंच व्हायचं. सगळं बेचव. तेच हाय हे."

"मी तुझ्यासारखा हातपाय गाळणारा न्हाई."

"हाव. तू त्याच्याहून वाईट. तू गाळत बी न्हाईस आणि सांगत बी न्हाईस."

मी उठलो. तू येसराची पुडी बांधून ठेवली होतीस, ती घेतली न्हाई. तू दारातून दोनदा हाक मारलीस, "दादा, पुडी राहिली!" मला ऐकू आलं होतं. मी वळलो न्हाई. ऑटोत बसून स्टँडवर गेलो.

त्यानंतर दहा दिवसांनी तू सकाळी चालून आलीस, ओट्यावर बसलीस, शीतलला पाणी आण म्हणलीस. ती पाणी घेऊन येईपर्यंत तू भिंतीला टेकली होतीस. दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, हृदय बंद पडलं.

सगळे रडले. मी रडलो न्हाई. माझ्या डोक्यात एकच खुपसलेलं होतं. काय खाऊन? माझं पीठ खाऊन? का आधीची ती पूड अंगात मुरली होती म्हणून? का डब्यावर भरवसा ठेवून तू बीपीची गोळी सोडली होतीस, आणि डब्यात तर मी ज्वारी भरलेली? हा तिसरा शक सगळ्यात वाईट होता. मी शीतलला विचारलं. तिनं गोळ्यांची रिकामी पाकिटं आणून दाखवली, सासूबाई एक दिवस चुकल्या न्हाईत म्हणली. मी पाकिटं उजेडात धरून बघितली. खरंच रिकामी होती. तरी गोळी पाकिटातनं काढली म्हणजे पोटात गेलीच असं थोडंच हाय?

मग मी नांदेडला गेलो, तुझ्या त्या डॉक्टरकडं. पिशवीत डब्यातल्या पुडीची बरणी आणि कागदात माझं पीठ. पोरसवदा डॉक्टर हाय. मी दोन्ही त्याच्या टेबलावर ठेवली आणि काय केलं ते सगळं सांगितलं. माझ्या मुलांना सांगितलं न्हाई ते त्याला सांगितलं. मग विचारलं, "ह्यातलं कोणतं कारण?"

त्यानं बरणी उघडून बघितली. म्हणला, "आजोबा, यात काय आहे ते नुसतं बघून मला सांगता येणार नाही. डब्यावर लिहिलंय तेच आत आहे का, तेही सांगता येणार नाही."

एवढा शिकलेला माणूस 'सांगता येणार नाही' म्हणला, म्हणून माझा त्याच्यावर थोडा भरवसा बसला. थोडाच.

"अशा पुडीनं काही जणांना झोपेला बरं वाटतं," तो म्हणला. "काहींना काहीच होत नाही. आणि दुसऱ्या गोळ्यांबरोबर घेतली तर कधी त्रासही होतो. म्हणून मी दाखवा म्हटलं होतं."

"तिनं दाखवला होता?"

"हो की. डबा घेऊन आल्या होत्या. मी त्यांचं बीपी दर वेळी बघत होतो, नीट होतं." मग तो थोडा हसला. "आणि एक कागदाची पुडीही आणली होती. म्हणाल्या, हे माझ्या भावाचं औषध, हे चालेल का? मी वास घेतला. म्हटलं, याची भाकरी होईल."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. सारं आयुष्य मी लोकांचा माल त्यांच्या तोंडावर उघडा पाडला. माझा माल असा पाठीमागं उघडा पडला होता, आणि मी मात्र दर पंधरा दिवसांनी तोंड गंभीर करून येत होतो.

"मग ती गेली कशानं?"

"हृदयाच्या नळीत अडथळा आला. तुमच्या पिठानं नाही, हे मी नक्की सांगतो. त्या पुडीनं असेल असं मला वाटत नाही. पण ती आधीपासून अंगात काय करत होती, ते पूर्ण मला माहीत नाही." मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "आजोबा, तुम्हाला झोप लागते का?"

"मी बहिणीच्या कामाला आलोय."

"भूक?"

मी उठलो. त्यानं एका चिठ्ठीवर तारीख लिहून माझ्या खिशात सारली. "त्यांच्याबद्दल बोलायला या. दुसरं काही नको."

बाहेर येऊन बसमध्ये बसलो तवा नवा शक. शीतलनं ह्याला आधीच फोन केला असेल. म्हाताऱ्याला सांभाळून घ्या म्हणली असेल. भाकरीची गोष्ट दोघांनी मिळून रचली असेल. तसाच देगलूरला आलो आणि तिला समोर बसवलं.

"तू डॉक्टरला फोन केला होतास?"

"कशाचा फोन मामा?"

"तुझ्या सासूला माझं पीठ कळलं होतं?"

शीतलनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काई मी लहान लेकरू हाय. "मामा, पहिल्याच चमच्याला. म्हणल्या, पंचवीस वर्सं पिठात हात घातलाय मी, दादाला वाटतं मला ज्वारी कळत न्हाई. लई हसल्या त्या दिवशी. किती तरी दिवसांनी हसल्या."

"मग टाकून का दिलं न्हाई?"

"छे, तुमचं टाकतील कशा? आणि ती पिशवीवाली कुठं बंद झाली होती? दर गुरुवारी येतच होती."

म्हणजे ती गल्लीत येत न्हाई, हे बी तू रचलेलं. लातूरला मिळतं, तू आण, हे बी. मी तुला फसवायला येत होतो आणि तू मला यायला लावण्यासाठी फसवून घेत होतीस. गया, मिलच्या दारात मला एक शेतकरी, एक व्यापारी फसवून गेला न्हाई. तू मला लेकरासारखं गंडवलंस.

पण हे सगळं बोलणं झालं. बोलण्यावर मी पोतं आत सोडत न्हाई. मी म्हणलो, "ती खायची तो डबा दाखव."

शीतलनं हिरवा डबा आणला न्हाई. तुझ्या फळीवरचा तो छोटा स्टीलचा डबा आणला, मिसळणीचा असतो तेवढा. आत निम्म्याच्या खाली पूड. मी उजेडाला ओट्यावर गेलो. तू बसायचीस तिथंच बसलो. चिमूट तळहातावर घेतली, अंगठ्यानं पसरवली. माझी ज्वारी लगेच ओळखली, तीनदा चाळलेली, भाजून किंचित तांबूस. आणि तिच्यात जागोजाग ते काळपट, मातकट. जिभेवर ठेवली. आधी माझी मेथी आली. मग सुंठ. आणि मागून हळूच ती डब्यातली मुळांची कडवट चव. दोन्ही होतं. निम्मं-निम्मं. असं एकजीव कालवलेलं, खिचडीत तुझा हात फिरायचा तसं.

"त्या म्हणायच्या," शीतल मागं उभी राहून म्हणली, "निम्मं डब्यातलं, निम्मं दादाचं. कुणाचं लागू पडलं ते मागनं बघू."

गया, मागनं कोण बघणार आता?

मिलमध्ये मी लोकांना सांगायचो, दोन ढिगांचा माल एकदा एक झाला की कोणता दाणा कोणत्या ढिगाचा ते ब्रह्मदेव आला तरी सांगू शकत न्हाई. अशा मालावर मी डोळे झाकून फुली मारायचो. इथं तर दोन न्हाई, किती ढीग. ती पूड. माझी ज्वारी. सकाळचं चालणं. अंगणवाडीतली लेकरं. महिन्याला नांदेडच्या डॉक्टरशी बोलणं. आणि दर दुसऱ्या रविवारी उंबऱ्यात चप्पल काढणारा एक भांडखोर म्हातारा. कशानं तुझं मन लागलं, मला सांगता येणार न्हाई. त्या डब्यावर माझा अजून भरवसा न्हाई, ते पिशवीवाल्या बाईला बी ऐकू जाऊ दे. माझ्या पिठावर बी न्हाई. आणि औषधाची परीक्षा मी चोरून घेतली ती माझी चूक, एवढं छापून येऊ दे. दुसऱ्याच्या तोंडात काय जातं ते त्याला न सांगता बदलायचा हक्क मला कुणी दिला नव्हता.

खडू अजून माझ्या खिशात असतो. सवय हाय. मी तुझ्या डब्याचं झाकण लावलं, धोतरानं पुसलं आणि त्यावर फुली मारायला हात उचलला. मिसळ माल. नियम म्हणजे नियम. शीतल बघत होती. मी गोल काढला.

"हे काय मामा?"

"पास," मी म्हणलो आणि खडू खिशात ठेवला.

निघताना शीतलनं येसराची पुडी हातात दिली. तू बांधलेली तीच, मी टाकून गेलेली. तू ती कुणाला वापरू दिली नव्हती म्हणं. ह्या वेळी मी घेतली. पुडीचा वास लातूर येईपर्यंत पिशवीतनं येत होता, आणि शेजारचा माणूस सारखा माझ्याकडं बघत होता. बघू दे.

डॉक्टरची चिठ्ठी कोपरीच्या खिशात हाय. तिच्यावरची तारीख रविवारची न्हाई. त्या दिवशी सकाळी मी लातूरच्या स्टँडवर जाणार, एवढं नक्की. तिथनं देगलूरच्या बसमध्ये बसतो का नांदेडच्या, ते मी तुला सांगणार न्हाई. तू तरी मला कुठं सांगितलंस? राहू दे तुला बी थोडा शक.